पडद्यावर काय नको

ओळखीच्या एका सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं घाटत होतं. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडायचं काम ज्या काकांवर आलं, त्यांचा मला फोन आला. "ताई, पीपीटी तयार आहे. फक्त जरा छान दिसेल असं करून द्या." फाइल उघडली. ३४ स्लाइड. पहिलीवर गणपती, दुसरीवर इमारतीचा फोटो, तिसरीवर 'प्रस्तावना', चौथीवर 'सौर ऊर्जा म्हणजे काय?'. सूर्य हा ऊर्जेचा अक्षय स्रोत आहे ही बातमी पाचव्या स्लाइडवर होती. पैशाचा आकडा पहिल्यांदा आला तो सत्ताविसाव्या स्लाइडवर, तोही कोटेशनचा कागद स्कॅन करून डकवलेला. माझ्या लॅपटॉपवरही तो वाचता येत नव्हता.

मी विचारलं, "काका, सभेत लोक काय विचारतील?" क्षणाचाही वेळ न घेता त्यांनी चार प्रश्न सांगितले. माझ्या फ्लॅटला किती पडणार? ते वसूल कधी होणार? गच्ची गळणार का? आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत कुठे घालायच्या?

पीपीटी तिथे फोनवरच तयार झाली. उरलं होतं ते टायपिंग.

म्हणून पहिली सूचना अशी, की पॉवरपॉइंट, गुगल स्लाइड्स, कॅनव्हा यांतलं काहीही आधी उघडू नका. उघडलंत की ते तुम्हाला शीर्षकाची एक चौकट आणि खाली मुद्द्यांची एक चौकट दाखवतं, आणि आपण आज्ञाधारकपणे त्या भरू लागतो. विचार चौकटीच्या मापाचा होतो. त्याऐवजी एक पाठकोरा कागद घ्या आणि त्यावर एकच वाक्य लिहा: मी बोलून खाली बसल्यावर समोरच्यांनी काय करायला हवं? 'सौर ऊर्जेविषयी माहिती देणे' हे उत्तर चालणार नाही. ती माहिती त्यांच्या फोनमध्ये आहे. '१४ लाखांच्या प्रस्तावाला हात वर करावेत' हे उत्तर चालेल. कॉलेजच्या प्रोजेक्टचं सादरीकरण असेल, तर 'माझी पद्धत बरोबर होती हे परीक्षकांना पटावं'. पालकसभा असेल, तर 'पालकांनी रात्री नऊनंतर मुलांचा फोन काढून घ्यावा'. हे वाक्य जमत नसेल, तर पीपीटी करायची वेळ अजून आलेली नाही.

मग त्याच कागदावर समोरच्यांचे प्रश्न लिहायचे, त्यांच्याच भाषेत. 'आर्थिक व्यवहार्यता' नव्हे, 'मला किती पडणार'. प्रत्येक प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलात तर जमिनीवर पसरून क्रम बदलता येतो. मी अजूनही तसंच करते, घरच्यांची करमणूक होते ती वेगळी. क्रम लावताना सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी ढकलायचा मोह होतो. ढकलू नका. ज्याच्या डोक्यात 'गच्ची गळणार' बसलंय, त्याला त्याचं उत्तर मिळेपर्यंत तुमचं दुसरं काही ऐकू येत नाही.

वेळेचा हिशोबही इथेच. सभेत २० मिनिटं मिळाली आहेत म्हणजे हातात १२ आहेत असं धरून चाला. आधीचा पार्किंगचा विषय लांबणार, माइक चालणार नाही, चहा मध्येच येणार. काकांच्या ३४ स्लाइडच्या शेवटी ८ उरल्या. संख्येला स्वतःचं महत्त्व नाही. गुंतवणूकदारांपुढे जाणाऱ्या उद्योजकांसाठी गाय कावासाकी यांनी सांगितलेला १० स्लाइड, २० मिनिटं आणि ३० पॉइंटचा टाइप हा नियम प्रसिद्ध आहे. टोकियोत २००३ मध्ये सुरू झालेल्या पेचाकुचा या सादरीकरणाच्या प्रकारात २० स्लाइड असतात आणि प्रत्येकीला मोजून २० सेकंद. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. गुंतवणूकदारासमोर उभं राहणाऱ्याचं माप सोसायटीच्या सभेला लागू पडेलच असं नाही.

आता मुख्य भांडणाचा मुद्दा. आपल्याकडे एकाच फाइलकडून दोन कामांची अपेक्षा असते. ती सभेत पडद्यावर दिसावी, आणि सभेला न आलेल्याला नंतर वाचून सगळं कळावं. पहिल्या कामासाठी पडद्यावर शब्द कमी हवेत, दुसऱ्यासाठी भरपूर. मग मधला मार्ग निघतो, म्हणजे अर्धवट वाक्यांच्या बारा ओळी. त्या बघायलाही नकोशा आणि वाचायलाही अपुऱ्या. बोलणारा पाठ फिरवून त्या वाचून दाखवतो, आणि लोक त्याच्या आधी वाचून संपवून त्याची वाट बघत बसतात.

चित्र दाखवून गोष्ट सांगायची ही कला आपल्याला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगतो. चित्रात माणसं मोठी, डोळे ठळक, आजूबाजूला पसारा नाही. कथा चित्रावर लिहिलेली नसते, ती सांगणाऱ्याच्या तोंडी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. हाताने रंगवलेल्या काचा, पडद्यावर पडणारी चित्रं, जोडीला निवेदन आणि गाणी. स्लाइड शोच म्हणायचा तो, सिनेमा यायच्या आधीचा. त्यांच्याही काचांवर मुद्दे नव्हते.

याला संशोधनाचाही आधार आहे. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चित्रं आणि शब्द यांतून माणूस कसा शिकतो यावर अनेक वर्षं प्रयोग केले. चित्र आणि सोबत बोलणं, यातून लोकांना जेवढं समजतं, त्याहून कमी समजतं जेव्हा तेच बोलणं शब्दन् शब्द पडद्यावरही लिहिलेलं असतं. कान आणि डोळे एकच मजकूर वेगवेगळ्या वेगाने पुढे नेत असतात, आणि त्यांचा मेळ घालण्यात लक्ष खर्च होतं.

तेव्हा दोन कामांसाठी दोन वस्तू करा: पडद्यासाठी स्लाइड आणि हातात द्यायला दोन पानांचं टिपण. टिपणात पूर्ण वाक्यं, कोटेशनची तुलना, अटी, हमीची मुदत, सगळं. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंटच काढून टाकलं. त्याजागी सहा पानी सलग लिहिलेलं टिपण आलं, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. आपल्या सभेत एवढी शांतता मिळणं कठीण, पण टिपण दोन दिवस आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येतं आणि ज्येष्ठांसाठी दहा-पंधरा प्रती छापता येतात.

स्लाइडवरच सगळं कोंबण्याची सर्वांत गंभीर नोंद 'नासा'च्या इतिहासात आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना, धोका किती आहे यावर अभियंत्यांनी स्लाइड करून अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. त्यांतल्या एकीचं शीर्षक धीर देणारं होतं: चाचण्यांच्या माहितीवरून अंदाजात सुरक्षिततेला वाव दिसतो, अशा अर्थाचं. खाली मुद्दे, त्यांच्या पोटात उपमुद्दे, त्यांच्या पोटात आणखी उपमुद्दे, अक्षर लहान लहान होत गेलेलं. आणि अगदी तळाशी होतं की प्रत्यक्षातला तुकडा १९२० घन इंचांचा मानला आहे आणि ज्या चाचणीचा आधार घेतलाय तिच्यातला होता ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. ज्या चाचण्यांवर शीर्षक उभं होतं, त्या चाचण्या या प्रश्नाला लागूच नव्हत्या.

१ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असं म्हणता येणार नाही. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा केली. तिच्यात माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणाचा आधार घेतला होता. तांत्रिक अहवालाच्या जागी पॉवरपॉइंटच्या स्लाइड वापरण्याची सवय हा संस्थेतल्या संवादाचा दोष म्हणून त्यात नोंदवला गेला. उतरंडीचे मुद्दे करताना मला दर वेळी ती तळाची ओळ आठवते. कोणत्या मुद्द्याच्या पोटात कोणता, हे ठरवणं म्हणजे काय महत्त्वाचं आणि काय नाही हे ठरवणं असतं, आणि ते आपण बहुतेकदा टॅबचं बटण दाबून करून टाकतो.

यातून शीर्षकाची गोष्ट निघते. 'खर्चाचा तपशील' हे शीर्षक म्हणजे डब्यावरची चिठ्ठी झाली. डब्यात काय निघालं ते सांगा. काकांच्या सोसायटीत ६४ फ्लॅट, जिना-लिफ्ट-पंपाचं लाइट बिल महिन्याला सरासरी ३८ हजार. सोलरनंतर ते ९ हजारांवर येईल असा अंदाज, म्हणजे महिना २९ हजारांची बचत. १४ लाख त्यातून साधारण ४८ महिन्यांत सुटतात. तेव्हा स्लाइडचं शीर्षक झालं: 'फ्लॅटला २२ हजार, चार वर्षांत वसूल.' त्याखाली दोनच आडव्या पट्ट्या, आजचं बिल आणि नंतरचं बिल. बाकी काही नाही. पण शीर्षक वाक्यात लिहिलं की ते खरं असण्याची जबाबदारीही येते. पावसाळ्यात वीज कमी तयार होणार. काकांनी ते तळाला तारा काढून बारीक अक्षरात लिहिलं होतं. आम्ही ते वर घेतलं: 'पावसाळ्यात बचत कमी, वर्षाची सरासरी २९ हजार'. सभेत नेमका यावरच प्रश्न आला, आणि उत्तर आधीच पडद्यावर असल्यामुळे तो भांडणापर्यंत गेला नाही.

मराठीत स्लाइड करताना काही गोष्टी वेगळ्या असतात. इंग्रजीत लिहिलेल्या सल्ल्यांत त्या सापडत नाहीत, म्हणून इथे जरा थांबते.

देवनागरीला उंची लागते. वर रफार, वेलांटी, मात्रा. खाली उकार, जोडाक्षराचा पाय. त्यामुळे त्याच पॉइंटात इंग्रजी अक्षर मोठं दिसतं आणि मराठी बारीक. इंग्रजीत २४ चालतं तिथे मराठीत २८-३० लागतं, आणि दोन ओळींतलं अंतर सव्वापट तरी ठेवावं लागतं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय इंग्रजी शीर्षकांना शोभते. मराठीत ती वापरली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. तिरपा टाइप देवनागरीचा मूळ नव्हेच. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा रंग बदला, दोन्ही एकदम नको.

फॉन्ट युनिकोडच हवा. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी व्याख्यानाला गेले. स्लाइड जुन्या, घरच्या संगणकावर 'शिवाजी' फॉन्टमध्ये केलेल्या. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ उमटली, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, "हे कुठल्या भाषेत बोलणार आहेत?" त्या दिवशी मी स्लाइडविना बोलले, आणि खरं सांगायचं तर बरं बोलले. तेव्हापासून मुक्ता, बलू, नोटो यांपैकी एखादा मोफत युनिकोड फॉन्ट वापरते. पहिले दोन मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेले आहेत. फाइल सेव्ह करायच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच बांधून द्यायची सोय असते, ती वापरते आणि वर एक पीडीएफ प्रत ठेवते. पीडीएफमध्ये अक्षर जागचं हलत नाही. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की काहींत ते सुधारतात. बहुतेकांच्या हे लक्षात येणार नाही, पण मराठीचे शिक्षक समोर असतील तर त्यांना दुसरं काही दिसणार नाही.

आकड्यांचंही तसंच. एक्सेलमधून आलेला तक्ता पुष्कळदा स्वल्पविराम परदेशी पद्धतीने देतो. १,४००,००० हा आकडा मराठी डोळा अडखळत वाचतो. '१४ लाख' लिहा. आणि '१४' ओळीच्या शेवटी अन् 'लाख' पुढच्या ओळीवर, असं होऊ देऊ नका. अंक देवनागरी की इंग्रजी हे एकदा ठरवा आणि आलेखातही तेच ठेवा.

आलेखाबद्दल थोडक्यात. गोल तुकड्यांचा आलेख, म्हणजे पाय चार्ट, दोन-तीन तुकड्यांपर्यंत ठीक. सात तुकडे झाले की कुणालाही कळत नाही. त्रिमितीय खांब तर कुणालाच खरी उंची सांगत नाहीत. ज्या पट्टीबद्दल बोलताय तिला रंग द्या, बाकीच्या करड्या ठेवा, आणि नावं बाजूच्या सूचीत न देता पट्टीवरच लिहा. फरक फक्त लाल-हिरव्यानेच दाखवत असाल, तर ज्यांना ते दोन रंग सारखेच दिसतात अशी माणसं सभेत असू शकतात, विशेषतः पुरुषांत.

फोटो आपल्याच जागेचे घ्या. काकांच्या फाइलमध्ये सोलर पॅनेलपुढे हेल्मेट घालून हसणारे परदेशी तरुण होते. ते काढून सोसायटीच्या गच्चीचा फोटो टाकला. त्यावर पॅनेल कुठे येणार तेवढा भाग निळ्या पट्टीने रंगवला, आणि उरलेल्या कोपऱ्यावर लिहिलं: 'वाळवणाची जागा'. सगळ्या पीपीटीतली सर्वांत यशस्वी स्लाइड तीच ठरली. ॲनिमेशन मात्र एकच ठेवलं: आधी रिकामी गच्ची, मग निळी पट्टी. शब्द उडत येणं, गिरक्या घेत जाणं या गोष्टी लग्नाच्या व्हिडिओला सोडाव्यात.

तयार स्लाइड तपासायची साधी रीत अशी: लॅपटॉप टेबलावर ठेवा, स्लाइड पूर्ण पडद्यावर घ्या आणि चार-पाच पावलं मागे जा. वाचता आलं नाही तर मागच्या रांगेलाही येणार नाही. मग अक्षर मोठं करू नका, आधी मजकूर कमी करा.

सराव बसून मनातल्या मनात करायचा नाही. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून, आणि निदान एकदा स्लाइड न बघता. जिथे अडखळता तिथे बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. काका तिसऱ्या स्लाइडवर दर वेळी अडखळत होते. ती आम्ही काढूनच टाकली.

सभेच्या जागी तासभर आधी पोहोचा. प्रोजेक्टरला एचडीएमआय लागते की जुनी व्हीजीए, जोडणी सोबत आहे का, एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो का, पडद्यावर समोरच्या खिडकीतून ऊन येतं का हे बघा. संध्याकाळी सहाच्या सभेत पश्चिमेच्या खिडकीने भल्याभल्यांचे आलेख पुसले आहेत. तशी शंका असेल तर गडद पार्श्वभूमी टाळा. पांढऱ्यावर काळं निदान दिसतं. लॅपटॉपवरची नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर ऐन बोलण्यात कोपऱ्यातून कुणाचा तरी खासगी निरोप सरकत येतो. पॉवरपॉइंटमध्ये चालू सादरीकरणात 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. काळ्या पडद्याचा उपयोग फार कमी लोक करतात. प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून उत्तर देताना पडदा विझवला की सगळी सभा तुमच्याकडे बघते. आणि वीज गेलीच, तर टिपणाच्या छापील प्रती आहेतच.

शेवटची स्लाइड 'धन्यवाद' किंवा 'प्रश्न?' नसावी. चर्चा पंधरा मिनिटं चालते आणि तेवढा वेळ पडद्यावर नुसतं फुलांच्या चौकटीतलं 'धन्यवाद' लटकत राहतं. आम्ही तिथे ठरावाचा मजकूर ठेवला: रक्कम, फ्लॅटमागे वाटा, दोन हप्ते, काम कधी सुरू होणार. लोक प्रश्न विचारत होते आणि नजर पुन्हा पुन्हा त्या चार ओळींवर जात होती. कोटेशनची तुलना, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची अट, हमीचे तपशील अशा पाच स्लाइड ठरावाच्याही मागे लपवून ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोनच काढाव्या लागल्या.

सभा संपल्यावर दोघा-तिघांनी काकांना गाठलं. "पीपीटी पाठवा ना ग्रुपवर." काका लगेच फोन काढू लागले. मी म्हटलं, पीपीटी नको, दोन पानी टिपण परत पाठवा. त्या ८ स्लाइड तुमच्याशिवाय उघडल्या तर एक गच्ची आणि दोन पट्ट्या दिसतील, आणि उद्या सकाळी कुणीतरी विचारेल की ही निळी पट्टी कसली.